सुंदराबाईंची मान

शोकेसमधल्या तात्यांनी जीभ चावलेली होती. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, दातांत धरलेली, तांदळाच्या कणीएवढी गुलाबी जीभ. मी काचेला नाक लावून पुन्हा पाहिलं. वीतभर उंचीचे तात्या कॅरमवर ओणवे झालेले, उजवा डोळा मिटलेला, मधलं बोट स्ट्रायकरमागे ताणलेलं. त्यांच्या पंचाहत्तरीला मुलानं ही मूर्ती आमच्याकडून करून घेतली होती. मीच केली होती, चार महिन्यांपूर्वी, आठ दिवस खपून. आणि मी तोंड बंद केलं होतं. हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्या ओठांनी दोन दुपारी माझा जीव खाल्ला होता. क्ले मऊ पडत होती आणि खालचा ओठ एका बाजूला उतरत होता. शेवटी दोन्ही ओठ मिटवून मी सुटका करून घेतली होती. इथे ओठ मिटलेले नव्हते. “काय बघतेस एवढं, ललिता? स्वतःचंच काम ना?” तात्या मागून म्हणाले. गिरगावातल्या आमच्या माहेरच्या चाळीत त्यांनी मला परकरात बघितलेलं, त्यामुळे मी चौसष्ट वर्षांची झाले तरी त्यांना ललिताच. “ही जीभ…” मी म्हटलं. “तेच तर! नातवंडं हसून लोळतात. साठ वर्षं खेळतोय, पण नेम धरताना मी असं करतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझी पोरगी आली होती ना दोनदा, फोटो काढायला म्हणून? फोटो कसले, नुसती कोपऱ्यात बसून होती. चहा घे म्हटलं, तर म्हणे तुम्ही खेळा तात्या, माझ्याकडे बघू नका.”

अनुजा इथे आली होती हे मला ठाऊक नव्हतं. तात्यांनी हौसेनं मूर्ती बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उलटी केली. तळाला माझी खूण होती, वर्तुळात ल. मग मी मानेमागचे केस पाहिले. केस आम्ही सुईनं ओढतो, एकेक रेघ. आणि रेघ खोटं बोलत नाही. माझी सुई वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते, उजव्या हाताच्या कुणाचीही तशीच उतरेल. या रेघा उलट्या उतरत होत्या. सगळ्याच्या सगळ्या, शांत, न थरथरता. माझी मुलगी डावरी आहे. “पडेल हं,” तात्या म्हणाले आणि त्यांनी मूर्ती माझ्या हातातून काढून घेतली, कारण माझा हात खाली गेला होता आणि मला ते कळलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी परळच्या एका इस्पितळाच्या कॉलेजात मेणाचे नमुने करत होते. त्वचारोग विभागात. नागिणीचे फोड, कुष्ठाचे चट्टे, भाजून आकसलेली बोटं, विद्यार्थ्यांना शिकायला. रोगी समोर स्टुलावर बसायचा आणि मी त्याचा गाल करायचे, त्याच्या डोळ्यांत न बघता. आमचे वरिष्ठ पहिल्या दिवशी म्हणाले होते, बाई, दिसतं ते करा, वाटतं ते करू नका. त्या एका वाक्यावर मी नोकरी केली, आणि खरं सांगायचं तर संसारही. पुढे मेणाचे नमुने कुणाला लागेनासे झाले, सगळं पडद्यावर आलं, माझी जागा माझ्याबरोबरच निवृत्त झाली. घरी बसून हात शिवशिवायला लागले तेव्हा अनुजानंच पॉलिमर क्ले आणून दिली. मेणासारखी, पण बिनवासाची. भाजेपर्यंत मऊ राहते, महिना ठेवा की वर्ष ठेवा, आणि साध्या ओव्हनमध्ये अर्धा तास भाजली की जन्माची कडक होते. मी शेजारच्यांच्या मूर्ती केल्या, त्यांनी फोटो टाकले, मग ऑर्डरी येऊ लागल्या. ऑर्डरी अनुजा बघायची. ती वरळीला विम्याच्या ऑफिसात आहे, अडतीस वर्षांची, लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी एकदाच विचारलं होतं. नवरा गेल्यावर भोईवाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. लोक म्हणायचे, ललिताबाईंच्या हातात जीव आहे. मी हसून मान हलवायचे. नम्रपणे, पण मला ते माहीत होतंच.

तात्यांच्या घरातून बाहेर पडून मी गॅलरीत उभी राहिले. दोन दारं पलीकडे माझी मोठी बहीण राहते, मनूताई. दर शनिवारी सकाळी मी तिच्याकडे येते, जेवते, संध्याकाळी पाचाला निघते. दर शनिवारी. हे कधी सुरू झालं? दोन वर्षांपूर्वी मला पॅरालिसिसचा हलका झटका आला. उजवी बाजू. महिन्याभरात चालायला लागले, सहा महिन्यांत हातही परत आला. डॉक्टर म्हणाले, नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के अंगठ्यात राहिले. अंगठा दिसायला तसाच, फक्त त्याला कळेनासं झालं. पाण्यात घातला तर गरम की गार ते दुसऱ्या हाताला विचारावं लागायचं. मी कुणाला बोलले नाही. मग एकदा मी ओव्हनचं बटण एकशे तीसच्या जागी पार टोकाला फिरवून ठेवलं, घर जळक्या धुरानं भरलं, आतली मूर्ती काळी पडून फुगली. अनुजा ओरडली नाही. खिडक्या उघडल्या, मला पाणी दिलं आणि म्हणाली, “यापुढे भाजायचं मी बघते, आई. शनिवारी मला सुट्टी असते. तू मनूमावशीकडे जात जा, या वासानं तुला खोकला होतो.” मला ते बरं वाटलं होतं. पोरगी काळजी घेते, असं मी मनूताईला सांगितलंसुद्धा होतं. दीड वर्ष झालं त्याला. दीड वर्षात पंचावन्न-साठ मूर्ती. मी शुक्रवारी संध्याकाळी कच्ची मूर्ती फळीवर ठेवायचे आणि रविवारी गिऱ्हाईक येईपर्यंत ती डब्यात बंद असायची, फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. उघडू नकोस आई, पुन्हा पॅक करायला अर्धा तास जातो.

मनूताई भाजी निवडत होती. “मी निघते,” मी म्हटलं. “आत्ता? अजून दोनसुद्धा वाजले नाहीत. थांब, अनुजाला फोन करते.” तिनं हात पदराला पुसून फोन शोधायला घेतला, आणि मला दिसलं की हे ती दर शनिवारी करते. मी चप्पल घालायला लागले की फोन. आजवर मला वाटायचं, मी नीट पोचावी म्हणून. “कशाला फोन?” “अगं, तिनंच सांगितलंय. आई निघाली की कळव म्हणून.” मनूताईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, तिला काही माहीत नव्हतं. “आज नको करू,” मी म्हटलं, “मला दादरला थोडी खरेदी आहे, तिच्यासाठीच. कळलं तर मजा जाईल.” आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले असेन. ते इतकं सरळ निघतं हे माहीत नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मला राग यायला हवा होता आणि मी त्याची वाट बघत होते, पण त्याच्या जागी पुन्हा पुन्हा ती जीभ येत होती. ती चांगली होती. चांगली म्हणजे काय, ती नसती तर ते तात्या झालेच नसते. मी त्या माणसाला पन्नास वर्षं ओळखते आणि मला ती कधी दिसली नव्हती. अनुजा सतरा वर्षांची होती तेव्हा तिनं शाडूचं एक डोकं केलं होतं, तिच्या बाबांचं. टेबलावर पाटाएवढी फळी, तिच्यावर नवऱ्याचं डोकं, हसणारं. घरी आले तेव्हा दोघं माझ्याकडे बघत उभे होते, बक्षीस समारंभाला उभं राहावं तसे. मी पर्स खाली ठेवली आणि पाहिलं. कान वर लागले होते. नाक जाड होतं. दिसतं ते केलं नव्हतं, वाटलं ते केलं होतं. मी तसं सांगितलं. नवरा म्हणाला, “अगं, पण हसतोय मी, बघ तर.” तिला कलेच्या शाळेचा फॉर्म भरायचा होता. त्याला मी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हटलं की तिच्या हातात नाही ते, उगाच वर्षं फुकट जातील. दोन खोल्यांच्या घरात हळू आवाज असा काही नसतो. तिनं कॉमर्सचा फॉर्म भरला. ते डोकं गॅलरीत वाळून तडकलं, नंतर कधीतरी मीच ते कुंडीत फोडून टाकलं. त्यावर ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही, हा तिचा स्वभाव आहे असं मी धरून चालले होते.

मी खरंच दादरला उतरले. खरेदीसाठी नव्हे. या आठवड्याची मूर्ती होती सुंदराबाई नावाच्या एका फुलवालीची. चाळीस वर्षं दादरच्या फुलबाजारात बसलेल्या. मुलगा हितेंद्र चांगल्या नोकरीला लागला तरी बसणं सोडलं नाही. आता सत्तरी म्हणून त्यानं ऑर्डर दिली होती, उद्या सकाळी न्यायला येणार होता. फोटोत त्या मांडी घालून बसल्या होत्या, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून वेणी ओवत, आणि सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या. मी तशीच केली होती. काल संध्याकाळी फळीवर ठेवली होती. बाजारात दुपारची सुस्ती होती, ओल्या गोण्या, पायाखाली झेंडूचा चिखल, कुजक्या पाकळ्यांचा गोड वास. विचारावं लागलं नाही. पुलाच्या खांबाशी त्या बसल्या होत्या, फोटोतलीच हिरवी साडी. मी समोरच्या गाळ्याआड उभी राहिले. पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही. एक म्हातारी बाई दोरा ओढत होती. मग एक मुलगी आली, तिनं भाव विचारला आणि सुंदराबाईंनी मान डावीकडे कलती केली, खांद्याकडे, वर बघत. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तसंच. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसावं. चाळीस वर्षं उभ्या माणसांकडे खालून उजवा कान नेऊन ती मान तशीच राहिली होती. कुणी नसतानाही ती थोडी कललेली होती, जणू सगळा बाजार तिच्याशी काहीतरी बोलतोय आणि ती ऐकून घेतेय. सगळ्या बाईचा जीव त्या मानेत होता. फोटो काढताना मुलानं म्हटलं असेल, आई, सरळ बस, आणि ती सरळ बसली असेल.

पूल ओलांडून मी चालत घरी गेले. वाटेत दोनदा थांबले, दम लागला म्हणून. माझ्याकडे किल्ली होती. दार हळू उघडायचं असं ठरवलं नव्हतं, पण ते हळू उघडलं. अनुजा खिडकीशी, माझ्या टेबलावर, पाठमोरी बसली होती. ओव्हन गरम होत होता, त्याचा लाल दिवा लागलेला. माझी दातांच्या डॉक्टरांची हत्यारं, इस्पितळातून आणलेली, तिच्या डाव्या हाताशी ओळीनं लावली होती. मी ती उजवीकडे लावते. तिच्यासमोर दोन सुंदराबाई होत्या. एक माझी. मी दारातून ती पाहिली आणि आधी ओळखलीच नाही. डावा गाल अंगठ्यानं दाबून चपटा झालेला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जवभर खाली, तोंड कपाळाला समांतर नाही. शुक्रवारी तो चेहरा मला सरळ दिसला होता. सरळ. आमच्या विभागात तो कपाटात ठेवला असता, खाली रोगाचं नाव लिहून. दुसरी पूर्ण होत आली होती. तिची मान डावीकडे कललेली होती.

“अनुजा,” मी म्हटलं.

तिच्या हातातली सुई टेबलावर पडून गडगडत गेली. ती उठली, मूर्तींच्या पुढे उभी राहिली, लहानपणी काही फुटलं की उभी राहायची तशी. “मावशीनं फोन नाही केला,” ती म्हणाली. तेवढंच. मग एकदम बोलायला लागली. “मी सांगणार होते, आई. पहिल्यांदा फक्त नाक सरळ केलं होतं, त्या डॉक्टरांच्या मूर्तीचं. त्यांनी परत पाठवली असती. मग पुढच्या वेळी कान. मग चेहरा. मग असं झालं की… तुझं त्यात काही उरलंच नाही. कुठे थांबायचं ते मला कळलं नाही.” “आणि माझ्या?” मी विचारलं. “माझ्या कुठायत?” तिनं टेबलाखालचा डबा पायानं मागे सारला. मी वाकून तो ओढला. आत नारळाएवढा एक गोळा होता, सगळे रंग मळून झालेला तपकिरी, त्यात कुठे हिरवी रेघ, कुठे अर्धा कान. “टाकत नाही मी काही,” ती रडवेली होऊन म्हणाली, “शप्पथ. आत घालते. प्रत्येकीच्या आत, पोटात, डोक्यात. आधी त्याचा सांगाडा करते आणि वरून नवीन चढवते. तुझीच असते आतून.” हे ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती.

मी पर्स खाली ठेवली. खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि तिची सुंदराबाई हातात घेतली. डाव्या हातात, उजव्यावर माझा भरवसा उरला नव्हता. क्ले अजून कच्ची होती, तिच्या बोटांनी कोमट झालेली. पायाच्या अंगठ्याला खरा दोरा बांधला होता. बोटांच्या पेरांवर फुलांच्या देठांचे डाग होते, नखांत हिरवं. आणि ती मान. बाजारात मी जे बघून आले होते ते सगळं त्या मानेत होतं, आणि जास्त होतं. मला जे दिसलं नव्हतं तेही होतं, ऐकून ऐकून आलेला थकवा, आणि कुणीतरी आपल्याशी बोलतंय याचा थोडा आनंद. अनुजा श्वास धरून उभी होती. तिच्या केसांत पांढरं झालं होतं हे मी तेव्हा पाहिलं. ती सतरा वर्षांची होती आणि अडतीस वर्षांची होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडात होता, जिभेवर त्याचं वजन मला कळत होतं. मग मला माझी दिसली, पलीकडे, चपट्या गालाची. उद्यापासून माझ्याकडे काय राहणार, हा प्रश्न मी शब्दांत विचारला नाही.

“मान कललीय,” मी म्हटलं.

“ती तशीच आहे, आई. मी तीन सकाळी जाऊन बसले होते. त्यांना डाव्या कानानं…”

“फोटोत आहे का?”

“फोटोत नाही.”

“मग? गिऱ्हाईकानं फोटो दिलाय. दिसतं ते करायचं असतं, अनुजा. वाटतं ते नाही.” माझा आवाज चांगला होता. शांत, शिकवणारा. इतक्या महिन्यांत मी असा आवाज काढला नव्हता. “खांद्यात तोल गेलाय त्यानं सगळा. बघ नीट.” खांद्यात काही गेलं नव्हतं. तिनं मूर्ती माझ्याकडून घेतली, दिव्याखाली धरली, फिरवली. मला वाटलं ती म्हणेल, नाही. मला वाटलं ती म्हणेल, तुला काय कळतंय आता. मी त्याची वाटसुद्धा बघितली, अगदी मनापासून. ती तसं म्हणाली असती तर मी सुटले असते. तिनं कपाळावर आठी घातली, डोळे बारीक केले, आणि मी पाहिलं की तिला चूक दिसायला लागली आहे. जी नव्हती ती. “हो गं,” ती हळूच म्हणाली, “खांदा जरा खेचल्यासारखा वाटतोय खरा.” तिनं दोन बोटांत ते डोकं धरलं आणि सरळ केलं. मानेखाली घडी पडली, ती तिनं हत्यारानं पुसली. सुंदराबाई कॅमेऱ्यात बघू लागल्या.

ओव्हनमध्ये ती अर्धा तास होती. भाजायला ठेवल्यावर पहिली काही मिनिटं क्ले मऊच असते, उलट जास्त मऊ होते. दार उघडून बाहेर काढली तर मान पुन्हा वळवता येते. हे मला माहीत होतं. अनुजानं चहा केला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो, काचेतून लाल उजेड येत होता. ती मोकळी झाली होती, किती महिन्यांत नव्हती इतकी. दीड वर्षाचं सगळं सांगत होती, कोणत्या मूर्तीला कुठे अडली, ट्रॅफिक हवालदाराच्या पोटाला किती दिवस लागले, तात्यांची जीभ करताना तिला कशी भीती वाटली की मला कळेल. “तुला विचारावंसं वाटायचं गं सारखं,” ती म्हणाली. “तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस, आज सांगितलंस तसं.” मी कपातल्या चहाकडे बघत होते. मग ओव्हनची घंटी वाजली.

रविवारी दहा वाजता हितेंद्र आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, दारातच बूट काढून आत आला. डबा उघडून त्यानं मूर्ती टेबलावर ठेवली आणि खाली वाकून पाहिली. हिरवी साडी पाहिली, दोरा पाहिला, नखांतलं हिरवं बघून “अरे बापरे” म्हणाला. मग चेहऱ्यासमोर आला आणि तिथे थांबला. त्यानं ती थोडी डावीकडे फिरवली, थोडी उजवीकडे, आणि नकळत स्वतःचीच मान एका बाजूला कलती केली, शोधल्यासारखी. काय शोधतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. “छान झालीय,” तो शेवटी म्हणाला, भल्या माणसासारखा. “एकदम फोटोतल्यासारखी.”

“आईनं शेवटचा हात फिरवला,” अनुजा म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

तो गेल्यावर तिनं टेबल पुसलं आणि माझी खुर्ची खिडकीशी, तिच्या खुर्चीच्या शेजारी ओढून ठेवली. “आता शनिवारी जाऊ नकोस मावशीकडे,” ती म्हणाली, “इथंच बस. मी करीन, तू चुका सांग.”

मी बरं म्हटलं.